गच्चीवरचं लाल पाणी

वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळवायच्या दिवसांत आमच्या गच्चीवरच्या उन्हावर फक्त आईचा हक्क. त्या उन्हाळ्यात एका सकाळी मी तिच्या मिरच्यांशेजारी काचेचे पसरट ट्रे मांडले आणि त्यांत वडिलांच्या सूत रंगवायच्या कारखान्यातलं लाल सांडपाणी ओतलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलेना.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात थोडं आम्ल, चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उन्हात ठेवलं, की रंगाचे रेणू तुटू लागतात. पुस्तकात हे सोपं आहे. घरात नव्हतं, कारण कारखान्याचं पाणी ज्यात जायचं त्या ओढ्यावर ज्यांची शेतं होती, ते दुसऱ्या दिवशी पाणी बघायला येणार होते. त्यांची खात्री पटली नाही तर कारखाना बंद करायला लावणार होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

दुपारपर्यंत पाणी नितळ झालं. वडिलांनी हरखून त्याची बाटली भरून ठेवली. मी मात्र थोडं पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. रंग तुटला होता, पण त्याचे तुकडे पाण्यातच होते, आणि असले तुकडे कधीकधी मूळ रंगापेक्षाही वाईट. आणखी बरंच ऊन लागणार होतं. हे मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, लोकांना दिसतं तेवढं पुरे, पुढचं बोलायचं कशाला. मला संताप आला. मी म्हटलं, बाटली तुमची, तोंडही तुमचं.

संध्याकाळी ते नेहमीसारखे आईशेजारी मिरच्यांचे देठ मोडायला बसले. वरून वाळलेली मिरची आतून ओली राहिली, तर वर्षाच्या चटणीला बुरशी येते. ओली निघेल ती ते बाजूला टाकत होते.

सकाळी शेतकरी आले. एकानं बाटली उन्हात धरली आणि म्हणाला, "झकास हाय की ओ."

वडिलांनी बाटली त्याच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "रंग गेलाय नुसता, पावणं. घाण आजून आतच हाय. ती जाईस्तवर थेंब सोडत न्हाय."

त्याच दिवशी कारखाना थांबला. घरात कुणी फारसं जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ट्रे घेऊन गच्चीवर गेले. आईनं मिरच्या सावली पडणाऱ्या कडेला सरकवल्या होत्या. मधलं सगळं ऊन माझ्यासाठी मोकळं ठेवलं होतं.