सगळ्यांचं उत्तर 'हो'

आमच्या ऑफिसात 'पार्टनर' हा शब्द दिवसातून पन्नासदा यायचा आणि दर वेळी माझं डोकं उठायचं. हिऱ्यांची खाण चालवणारी एक कंपनी, आफ्रिकेतला एक देश आणि खाणीला लागून असलेलं एक गाव. हे तिघं म्हणे पार्टनर. खाणीत तिथल्या सरकारचा निम्मा हिस्सा, म्हणून सरकार पार्टनर. कंपनीने गावाला दवाखाना बांधून दिला, शाळेवर पत्रे घातले, म्हणून गावही पार्टनर. आवळा देऊन कोहळा काढायचा आणि वर आवळ्याचे फोटो छापायचे! ते फोटो आणि त्यांच्यासोबतचा रिपोर्ट त्या कंपनीसाठी ऑकलंडमध्ये बसून आम्ही तयार करायचो. मी आयटीतली. गावकऱ्यांच्या बैठकांचा फॉर्म मी बनवलेला.

साहेब पुण्याचे. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे, शुक्रवारी ऑफिसात पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, मीटिंगची सुरुवात माओरी नमस्काराने, 'किया ओरा'ने, आणि शेवट इथल्या पोरांसारखा 'स्वीट ॲज'ने, म्हणजे 'एकदम मस्त'. गोऱ्यांना वाटायचं, काय मोकळा माणूस आहे! मोकळा कसला डोंबलाचा. नाकाने कांदे सोलावेत तर यांनीच.

त्या वर्षी कंपनीला खाण रुंद करायची होती. ती रुंद झाली की गावाची विहीर कुंपणाच्या आत जाणार होती. गोड्या पाण्याची ती एकच विहीर. बदल्यात कंपनी टँकर पाठवणार होती. सरकारने परवानगी देण्याआधी गावाचं मत विचारणं भाग होतं, आणि ते मत घेतलं जाणार होतं माझ्या फॉर्मवर.

आता माझी अक्कल ऐका. न्यूझीलंडमध्ये कुठल्याही ऑफिसात, शाळेत, कारखान्यात जा, दारातच नाव लिहून सही करायची. आग लागली तर आत कोण कोण होतं ते कळायला नको? तीन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मी फॉर्मच्या पहिल्याच पानावर तेच टाकलं. नाव, सही, आणि त्याखाली प्रश्न : खाण वाढवायला तुमची संमती आहे का? उत्तर न देता कुणी पुढे गेलं की फॉर्म अडकायचा. डेडलाइन डोक्यावर. मी काय केलं, तिथे 'हो' आधीच भरून ठेवलं. ज्याला नको असेल तो बदलेल, म्हटलं. बैठक झाली उघड्या माळावर, झाडाखाली. तिथे कसली आग लागणार होती, माझं कपाळ! कंपनीच्या माणसांनी टॅबलेट फिरवला, "इथे सही करा आणि जेवायला बसा" म्हणाले. लोकांनी सह्या केल्या.

माझ्याकडे उत्तरं आली ती सगळी 'हो'. एक 'नाही' सापडेना. बॉटनी डाउन्सच्या आमच्या घरात तीन माणसांचं आमटीवर एकमत होत नाही, आणि अख्खं गाव विहीर द्यायला तयार? मला शंका आली नाही, असं म्हणायला आवडलं असतं. आली होती. मी चहा करायला उठले.

मदतीसाठी म्हणून फॉर्मखाली माझा नंबर दिलेला होता. एका संध्याकाळी त्यावर फोन आला. त्या गावच्या दवाखान्यातली नर्स बोलत होती. सरकारी कचेरीत लावलेली यादी तिने वाचली होती.

"मी बैठकीत उभी राहून नाही म्हणाले," ती म्हणाली. "माझ्यामागून म्हातारी माणसं बोलली, तीही नाहीच म्हणाली. मग माझ्या नावापुढे हो कुणी लिहिलं?"

मनात म्हटलं, मी लिहिलं होतं ना, बाई!

"दवाखान्याला पाणी त्या विहिरीचं आहे," ती म्हणाली. "बाळंतपणाला आलेल्या बाईला काय सांगू, टँकर येईपर्यंत थांब? परवानगी कधीही निघेल. तुम्ही फक्त खरं काय ते लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभी.

"अगं, बग आहे एवढंच ना? पुढच्या व्हर्जनमध्ये काढून टाकू."

"सर, लोकांनी नाही म्हटलंय."

"म्हटलं असेल. पण ते पार्टनर आहेत, विरोधक नाहीत. असलं काही लेखी दिलंस तर क्लायंट जाईल." मग खुर्चीत मागे रेलून, अगदी मायेने, "तुझ्या रेसिडेन्सीला माझं पत्र लागणार आहे ना? मग? जरा शांत डोक्याने घे."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मावशीच्या गावात ग्रामसभेच्या वहीत आधी सह्या घ्यायचे आणि वरच्या मोकळ्या जागेत मागाहून ठराव लिहायचे. मावशी त्या सरपंचाला चारचौघांत फैलावर घ्यायची. आणि तिची ही शिकलेली भाची? "ओके सर," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात कोथिंबीर निवडताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मूग गिळून बस. कागद हातात आले की पाठव काय पाठवायचं ते. विहीर काय पळून जातेय?" मी भडकले. हातातली जुडी त्याच्या अंगावर फेकली, भर बाजारात. आणि मग तो म्हणाला तेच केलं.

नर्सला कळवलं : चूक माझी आहे, मी लेखी देईन, पण इथे राहण्याचे माझे कागद अडकलेत, थोडं थांबा. तिचं उत्तर आलं, "समजलं. थांबते." तिने मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

कागद यायला तीन महिने लागले. ते आले त्या दिवशी साहेबांनी ऑफिसात केक आणला, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून पत्र लिहिलं. कंपनीला, तिथल्या सरकारी कचेरीला आणि नर्सला. 'हो' मी भरले होते, लोकांनी नाही. खाली माझं पूर्ण नाव. मग वर जाऊन साहेबांना तोंडावर सांगितलं, तुमच्यासारखा ढोंगी माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते 'विश्वासघात, विश्वासघात' म्हणून ओरडत होते. चोराच्या उलट्या बोंबा! नोकरी गेली, जाऊ दे. मला फार शूर वाटलं. दोन दिवस वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी नर्सचं उत्तर आलं. "तुमचं पत्र मिळालं, आभारी आहे. कागद झाले हे वाचून आनंद झाला. आपला देश सोडून राहणं सोपं नसणार. विहिरीला गेल्या सोमवारी कुंपण घातलं."