हाव म्हणजे होय

मोबाइल गालाला लावून बघायची ताईंना सवय होती. तासभर गेम खेळला की फोन डाव्या गालाला टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "तापून राहिला हो हा. दम खाऊ द्या त्याला." मग फोन पालथा ठेवून डबा उघडायच्या. तेवढा वेळ अख्ख्या ऑफिसात घाई करायची कुणाची टाप नव्हती. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. नसेल तर शोधा.

नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर आमचं गेम बनवायचं छोटं ऑफिस आहे. शंकरपटाचा गेम आमचा. बैल निवडायचा, त्याला नाव द्यायचं, खाऊपिऊ घालायचं आणि शर्यतीत पळवायचं. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी नवा भाग निघतो आणि खेळणाऱ्याचा बैल जुन्या भागातून नव्यात येतो. ताई हदगावकडच्या, शेतकऱ्याघरच्या. आल्या होत्या टायपिंगला. पहिल्याच आठवड्यात आमच्या बैलाची चाल बघून त्यांनी मला विचारलं, "सर, ह्यो बैल हाय का शेळी?" त्या दिवसापासून गेम तपासायचं काम त्यांच्याकडे गेलं.

तपासणीचा तक्ता पुण्याला जायचा, गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे. त्यात शेवटचा प्रश्न असा : हा भाग बाहेर काढायला योग्य आहे का? पहिल्या वर्षी ताईंनी तिथे लिहिलं, "हाव." पुण्याच्या मॅडमचा मला फोन, आवाज चढलेला. "त्यांना यात आमची हाव दिसते का?" हाव म्हणजे आमच्याकडे होय, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. ताईंना सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि पुढची पाचही वर्षं "हाव"च लिहीत राहिल्या.

सातव्या भागाला पुण्याने तारीख दिवाळीवरून दसऱ्यावर ओढली. दुसरं कुणी असाच गेम काढत होतं म्हणे. आम्ही मान मोडून काम केलं. पण ताईंनी जुने बैल नव्या भागात आणून बघितले, तर कधी बैल यायचा, कधी नुसता गोठा.

"एखाद्याचाच जातोय, ताई," मी म्हणालो. "दिवाळीपर्यंत दुरुस्ती पाठवू."

"गेलेला बैल परत यील का त्यात?"

"नाही."

"मग? सहा वर्षं ज्यानं बैल सांभाळला, त्याला मोकळा गोठा दाखवायचा का? मी न्हाई लिहिणार, सर."

आता माझं पाप सांगतो. तारीख चुकली तर आठवा भाग दुसरीकडे देऊ, असं पुण्याने बजावलं होतं. ताई घरी गेल्यावर मी त्यांच्या नावाने तक्ता भरला आणि शेवटी लिहिलं, "होय."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन थेट ताईंना आला. मी समोरच बसलो होतो, स्पीकर चालू होता. "ताई, सहा वर्षं हाव लिहिता, यंदा होय कसं? तुम्हीच लिहिलंय ना?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"चुकून गेलं मॅडम आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "बैल हरवून राहिलेत. दिवाळीपर्यंत थांबा."

पुण्याने चिडचिड केली, पण थांबले. आठवा भागही आमच्याकडेच राहिला. त्या "आमच्याकडून"मध्ये ताईंनी माझी चूक पोटात घातली होती. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "माझ्या नावानं लिहायचं तर माझ्या बोलीत तरी लिहावं, सर." पुन्हा तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या यजमानांची, ते शिक्षक आहेत, लातूरला बदली झाली. शेवटच्या दिवशी ताईंनी विचारलं, "सर, तुमचा बैल कोणता?"

सात भाग बनवले होते मी, पण बैल एकही पाळला नव्हता. तसं सांगितलं.

"मग तुम्हाला कसं कळावं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कीवच होती थोडी. माझा फोन माझ्या हातात देऊन त्यांनी मला बैल निवडायला लावला. मी देवणी जातीचा घेतला. "नाव तुम्ही द्या," म्हणालो, तर म्हणाल्या, "न्हाई. ज्याचं त्यानं द्यावं." मी दिलेलं नाव तुम्हाला सांगत नाही, हसाल. त्या नाही हसल्या.

आठवा भाग तयार झाला तेव्हा तपासणीत सगळं बरोबर निघालं होतं. तरी पाठवण्याआधी मी तो माझ्या फोनवर टाकला. गोठ्याचं दार समोर आलं आणि बोट तिथेच थांबलं. एवढी वर्षं हा गेम बनवून राहिलो, पण त्या दारामागे काय असेल याची भीती मला पहिल्यांदाच वाटली. ताईंना हाक मारायला मान वळवली, तर त्यांच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.