टँकरच्या रांगेतला अस्तित्ववाद

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कलेक्टर आले, नव्या पाट्या आल्या, फक्त पाणी आलं नाही. त्या दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि माणसांच्या आधी घागरी रांगेत उभ्या राहायच्या. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून रांगेतही ऐटीत पुस्तक वाचायचो.

माझ्या मागे रोज एक गृहस्थ असायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गालात सुपारी, हात पाठीमागे बांधलेले. एकदा म्हणाले, "सर, काय वाचायलात?"

मला तेवढंच हवं होतं. "परदेशी लघुकादंबरी आहे. एक माणूस कधीच न येणाऱ्या गाडीची वाट बघत बसतो. लेखकाचा बाप स्टेशनमास्तर. पोरगं फलाटावरच वाढलं, म्हणून त्याला अख्खं जगणंच तसं दिसलं."

"मंग म्हनतो काय त्यो?"

"जगण्याला आधीपासून अर्थ नसतो. वरून कुणी काही ठरवून देत नाही. माणसानं स्वतः निवडायचं."

"लई भारी!" मान डोलवत ते प्रश्न विचारत राहिले. मी रंगात आलो. प्रत्येक प्रश्नासरशी ते पायानं आपली घागर पुढे सरकवत होते, हे मला त्यांची घागर भरून टँकर आटला तेव्हा कळलं.

"अहो, हा नंबर माझा होता!"

"वरून कुनी ठरवून देत न्हाई म्हनलात की, सर. म्या निवडला."

पुढे वर्षानुवर्षं मी अस्तित्ववाद शिकवला. ऐकल्याबरोबर अंमलात आणणारा विद्यार्थी मला तेवढा एकच मिळाला.