माझ्या नावाचा दुसरा अर्ज

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात अर्ज करायचं ठरवलं होतं. आमच्या दोन खोल्यांत कागद कोरडा आणि सपाट राहील अशी जागा नव्हती, म्हणून विद्यापीठाकडून आलेला लिफाफा मी ताईकडे ठेवला होता. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तिचं लग्न झालं. भाऊजी लकडगंजात एका आरा मशीनवर कामाला होते आणि त्यामागच्याच खोलीत ती दोघं राहत. लिफाफ्यात अर्जाचे दोन कोरे फॉर्म होते, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. "मला इथे का शिकायचं आहे" असं एक निवेदनही जोडायचं होतं. त्याचा कच्चा मसुदासुद्धा मी तिच्याच पेटीत टाकून आले होते.

सीताबर्डीला एका जिन्याखाली एक वयस्कर टायपिस्ट बसत. ताईकडून मसुदा आणून मी त्यांच्यापुढे उभी राहिले, तेव्हा ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता काहून आल्या? मंगळवारीच तं करून नेलं तुम्ही."

"मी? मी तं पहिल्यांदाच येऊन राहिली."

"तुम्हीच होत्या, बाई. झाडांचं शिकाले परदेशात जातो म्हणाल्या. या स्टुलावर बसून मराठीत सांगत गेल्या, अन् मी इंग्रजी करत गेलो. सांगता सांगता रडल्या तुम्ही."

म्हाताऱ्या माणसाची गफलत, असं म्हणून मी हसले. पण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं तेव्हा मला त्यावर बसवेना. टायपिंग होईपर्यंत मी उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गुणपत्रिकांच्या प्रती मागितल्या. क्लार्कनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. प्रती नेल्याची नोंद होती आणि खाली माझी सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मी उगाच लांब ओढते, ती शेपटीसुद्धा तशीच. तारीख पाहिली. त्या दिवशी मी तापानं फणफणले होते. दिवसभर अंथरुणावरून उठले नव्हते.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तापात माणूस कुठं कुठं जाऊन येते वं. त्याचं त्यालेच समजत नाही."

तिनं हे इतकं सहज म्हटलं, की त्यानंतर कितीतरी दिवस मी सकाळी उठल्याबरोबर स्वतःचे तळपाय तपासायची. धूळ लागली आहे का ते पाहायची. मी विज्ञान शिकलेली बाई. कुणाला सांगायची सोय नव्हती. गुणपत्रिकांच्या प्रती पुन्हा काढून घेतल्या आणि अर्ज मात्र रजिस्टर पोस्टानं पाठवून दिला.

तीन महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. तुमच्या नावाचे दोन अर्ज आमच्याकडे आले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. जन्मतारीख, गुण, सही सगळं जुळतं, फक्त निवेदनं वेगळी आहेत. कोणतं विचारात घ्यावं ते कळवा. सोबत दुसऱ्या निवेदनाची फोटोस्टॅट प्रत होती.

अंगणात उभ्या उभ्या मी ती वाचली. इंग्रजी साधं होतं. तळ्याकाठी दोन बहिणी बसल्या आहेत. मोठी शिंगाड्याच्या वेलाचं एक पान ओढून काढते, फुगलेला देठ नखानं चिरते आणि धाकटीच्या कानाशी नेते. म्हणते, ऐक, यात हवा आहे, म्हणून हे बुडत नाही. धाकटीला काहीच ऐकू येत नाही, तरी ती मान हलवते. हे घडलं होतं. ऐकू न आल्याचं मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटचं वाक्य होतं, "ती बहीण एकोणिसाव्या वर्षी वारली. तिचं अर्धं राहिलेलं शिकायला मला यायचं आहे." खाली माझी सही.

एकोणिसाव्या वर्षी ताईचं लग्न झालं होतं.

तशीच निघाले आणि भर दुपारी लकडगंजात पोचले. ताई दारात बसून लाकडाच्या भुश्यानं शेगडी भरत होती. बाजूला आरा चालला होता. तो लाकडात शिरला की बोलणं थांबवावं लागे. मी कागद पुढे धरला. तिनं हात पुसले आणि नातेवाइकाचं पत्र वाचावं तसा तो शेवटपर्यंत वाचला.

"चांगलं केलं इंग्रजी त्यानं," ती म्हणाली.

"ताई, हे काय करून ठेवलं वं? अन् माझी सही?"

"तुझी सही कोणं शिकवली तुले? मीच तं. पाटीवर गिरवून घेतली होती. ती शेपटी माझीच आहे."

आरा लाकडात शिरला. आवाज सरल्यावर मी विचारलं, "मेली असं काहून लिहिलं?"

"अर्ज एकीचाच होता. दोघी कशा मावतीन त्यात?" ती शांतपणे म्हणाली. "तुझा कागद वाचला मी. त्यात नुसते मार्क होते, तू कुठंच नव्हती. म्हणून मी जाऊन आली."

"मले भेव वाटून राहिलं, ताई."

"काहून? मी हाय ना इथं." तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता आणि त्याला सागवानाचा वास येत होता. "त्याईले लिहून दे, दुसरा खरा."

आठ दिवस मी काही केलं नाही. खरं कळवलं असतं तर दोन्ही अर्ज बाद झाले असते, असं मी स्वतःला समजावत होते. पण तेवढंच कारण नव्हतं. दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचली की माझं मलाच परकं वाटे. शेवटी एका ओळीचं उत्तर पाठवलं: दुसरं माझं. प्रवेश मिळाला.

तिथे पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापिकेनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बहिणीबद्दल दुःख व्यक्त केलं. मी आभार मानले. ताईची पत्रं दर महिन्याला येत. शेजारच्या खोलीतल्या मुलीनं विचारलं, तेव्हा मावशीची म्हणून सांगितलं. एकदा दोन महिने पत्रच आलं नाही. ते दिवस कसे काढले ते आजही नीट सांगता येत नाही. आपण लिहून दिलं आणि ते तिकडे झालं, हा विचार सुटेना. रडले असते तर लोकांनी विचारलं असतं, आता काय नवीन झालं? मग पत्र आलं. ताईचा हात दुखावला होता, म्हणून तिला लिहिता आलं नव्हतं.

तीन वर्षांनी परतले, तेव्हा ताई स्टेशनावर आली होती. वाळली होती. बॅगेचा एक बंद तिनं धरला, एक मी. पूल चढताना तिनं विचारलं, "मी कशानं मेली, विचारलं कोणी?"

"हो. ताप म्हटलं."

"ठीक आहे," ती म्हणाली.

रिक्षात ती तिथलं एकेक विचारू लागली. बर्फ, जेवण, प्रयोगशाळा. मी सांगत होते, ती मान हलवत होती. महाल वस्तीकडे वळताना म्हणाली, "अन् ते झाडांचं काचघर. तीन पायऱ्या उतरून खाली जा लागते, तेच ना? दार अडकते त्याचं."

मी पत्रात हे लिहिल्याचं मला आठवेना. मी हो म्हणाले.