सूजिनचं रिकामं ताट

फोन आईने उचलला. पलीकडे माझ्या मैत्रिणीचा, सूजिनचा भाऊ होता, सेऊलहून. त्याचं इंग्रजी अडखळत होतं आणि आईचंही. तरी मी खोलीतून बाहेर येईपर्यंत तिला कळलेलं होतं. लाओसमध्ये डोंगरातल्या रस्त्यावरून बस खाली दरीत गेली... त्या बसमध्ये सूजिन होती. दीड महिना होत आला. आई आणि मी अजून धड एका जागी बसत नाही.

आमची ओळख इथल्या यिशुन भागातल्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याचे स्टॉल आणि मध्ये सगळ्यांची टेबलं असतात तिथली. टेबलं भरलेली होती म्हणून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने पहिलंच विचारलं ते माझं वय. मी अनोळखी माणसाला नावही सांगत नाही. पण वय कळल्याशिवाय समोरच्याला काय म्हणायचं हेच कोरियन माणसाला ठरवता येत नाही, असं तिने समजावलं. मी वर्षाने मोठी निघाले. लगेच मी ‘ओन्नी’ झाले, म्हणजे ताई. आणि धाकटीच्या हक्काने तिने माझ्या प्लेटमधली कोळंबी उचलली.

तिला प्रवासावर लिहायचं होतं. सेऊलचं एक मासिक मात्र तिच्याकडून फक्त हॉटेलं आणि दुकानांवरचे लेख मागवायचं. स्वतःच्या नावाचं सदर मिळालं नाही तर वर्षअखेरीस परत येऊन नोकरी धरायची, असं वडिलांनी बजावलं होतं. ती कुठल्याही बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची, तिथल्या लोकांत बसायची, लिहून पाठवायची. फॅक्सवर नकार यायचा. ती दुसरी बस पकडायची.

एका रविवारी मी तिला घरी जेवायला आणलं. तिच्या घरच्या रीतीप्रमाणे पानात टाकणं म्हणजे करणारीचा अपमान; आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं. ती संपवत गेली, आई वाढत गेली. वरणभात, परत भात, पुरणपोळी, त्यावर तूप... तिच्या कपाळावर घाम आला. शेवटी तिने मला इंग्रजीत हळूच विचारलं, “ओन्नी, तुझी आई कधी थांबते?”

मी आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “अगं, ही थांबेल तेव्हा.”

पप्पांना हसून हसून ठसका लागला.

सूजिनने तेच लिहिलं. तो लेख छापून आला, सदर मिळालं, आणि ती निघाली. मलेशिया, थायलंड, मग लाओस.

इथली भाड्याची खोली तिने सोडली नव्हती. भाऊ ती आवरायला आला तेव्हा मी मदतीला गेले. पलंगाशेजारच्या भिंतीवर लाओसचा नकाशा होता. तो त्याने मला दिला. घरी येऊन मी तो डायनिंग टेबलवर पसरला. आईने त्याचे दुमडलेले कोपरे सरळ केले. मग म्हणाली, “मी तेव्हा वाढत बसले नसते तर तो लेख झाला नसता. परत गेली असती गं ती घरी.”

“नसती गेली, आई.”

“तुला काय माहीत?”

नकाशा सूजिनने सदर मिळण्याच्या कितीतरी आधी घेतला होता. दुकानात मी बरोबर होते. घेतल्या घेतल्या तिथल्याच काउंटरवर वाकून तिने पेन्सिलने रस्ता आखायला सुरुवात केली होती. मी आईला हे सांगितलं. तिने चष्मा लावला. बस पडली ती जागा मी दाखवली. आईचं बोट तिथे थांबलं... मग पेन्सिलच्या रेषेवरून सावकाश पुढे सरकलं.

“इथून कुठे जाणार होती?”

मी पुढच्या गावाचं नाव सांगितलं.

“मग?” आई म्हणाली.