डॉक्टर ‘येतो’ म्हणाले आणि फसले

“डॉक्टरनेच मारलं!” टेस्टिंगला आलेल्या शेवटच्या बाईनेही ठणकावून सांगितलं, कोट चढवला आणि कार पार्ककडे निघून गेली.

खोलीत मी आणि माझी बॉस हेलन. आमच्या गोष्टीत डॉक्टर निर्दोष होता हो! खून भाच्याने केला होता. आणि गेम खेळून बघायला बोलावलेल्या एकूण एक माणसांनी बिचाऱ्या डॉक्टरला तुरुंगात धाडलं होतं.

इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कात आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही डिटेक्टिव्ह गेम्स बनवतो, पण कार्टूनवाले नाहीत. खऱ्या नटांना कॅमेऱ्यासमोर बसवून शूटिंग करतो. खेळणारा म्हणजे इन्स्पेक्टर. तो स्क्रीनवरचा प्रश्न निवडतो, संशयित उत्तर देतो. उत्तर आणि पुरावा जुळला नाही की सापडलास लेका! कुठल्या प्रश्नाला कुठली क्लिप लागायची, हे ठरवणं माझं काम. सिनेमातल्या नटांना हा प्रकार फार जड जातो. खेळणारा विचार करत असेल तेवढा वेळ त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत नुसतं बसायचं असतं. त्याला आम्ही आयडल लूप म्हणतो. आमचे अरविंदराव त्यातही हटकून भुवई उडवायचे.

अरविंदराव म्हणजे आमचे डॉक्टर. मराठी सिनेमातले जुने नट, जन्मभर इन्स्पेक्टर नाहीतर सासरे केले. बायको गेल्यावर लीड्सला लेकीकडे राहायला आले. लेक-जावई दोघंही हॉस्पिटलमध्ये नोकरीला, घर दिवसभर रिकामं. या भूमिकेसाठी त्यांचं नाव मीच सुचवलं. ते कळलं तेव्हा त्यांचा नातू कानावरचा हेडफोन काढून म्हणाला होता, “आजोबा, तू खरंच गेममध्ये आहे?” हा किस्सा त्यांनी मला फोनवर इतक्यांदा सांगितला की मला तो पाठ झाला.

हेलन म्हणाली, “शुक्रवारी परत टेस्ट. तेव्हाही सगळ्यांनी डॉक्टरलाच पकडलं, तर आय अ‍ॅम सॉरी, प्राची, डॉक्टर कट.”

म्हणजे अरविंदरावांचं काम पुरतं जाणार. आणि हे त्यांना सांगणार कोण? मीच.

मग टेस्टिंगची रेकॉर्डिंग्ज बघायला बसले. सगळेच्या सगळे एका क्लिपपाशी अडकले होते. गोष्ट इथल्याच एका मराठी घरातली, तिथलं बोलणं मराठीत. त्या घरातल्या कर्णिकबाई आजारी आहेत, त्यांचाच पुढे खून होतो. डॉक्टर त्यांना तपासून निघतात, ते दारावरच्या कॅमेऱ्यात दिसतं. तिथे स्क्रिप्टमध्ये डायलॉगच नव्हता. अरविंदराव आपले सवयीने म्हणाले होते, “बरंय, येतो हं.” खाली सबटायटल होतं, ‘ओके, आय अ‍ॅम कमिंग बॅक.’ आणि पुढे चौकशीत हाच डॉक्टर छातीठोकपणे सांगतो, मी त्या घरी परत गेलोच नाही.

झालं! खोटारडा सापडला.

सबटायटल्स केली होती रोहनने. रोहन म्हणजे आमच्या गोष्टीतला भाचा, खुनी. मुलगा लीड्समध्येच जन्मलेला. मराठी येतं म्हणून हेही काम त्याच्याच गळ्यात मारलेलं. मी त्याला स्पीकरवर घेतलं.

“अरे, ‘येतो’ म्हणजे ‘कमिंग बॅक’?”

“ताई, माझा मराठी बरोबर आहे. येतो मीन्स कमिंग.”

“अरे माझ्या बाबा, इथे येतो म्हणजे जातो!”

हेलनने माझ्याकडे टक लावून पाहिलं. “तुमच्याकडे ‘कमिंग’ म्हणजे ‘गोइंग’?”

“हो.”

“मग ‘गोइंग’ म्हणजे काय?”

“ते म्हणत नाहीत.”

सबटायटल बदलून ‘बाय देन’ केलं. ऑफिसच्या बिल्डिंगमधल्या काही जणांना पकडून घाईघाईने पुन्हा टेस्ट घेतली. त्यातल्या एकाला थोडं मराठी येत होतं. तो टाळी वाजवून ओरडला, “सबटायटल खोटं आहे! तो येतो म्हणतोय! म्हणजे क्लू मुद्दाम लपवलाय!” बाकीच्यांनी लगेच फोन काढून भाषांतराचं अ‍ॅप लावलं. आगीतून फुफाट्यात!

आता आवाजच बदलायला हवा होता. अरविंदराव लीड्सहून ट्रेनने आले. मी म्हटलं, “काका, एकच शब्द डब करायचाय. येतोच्या जागी ‘जातो’ म्हणा.”

त्यांनी चष्मा काढला. “आजारी बाईच्या दारातून ‘जातो’? शुभ बोल रे नाऱ्या! अगं, आयुष्यभर पडद्यावर दटावलं, मारलं, पण असलं अभद्र कधी बोललो नाही.”

“नुसता आवाज द्यायचाय हो.”

“तोंड माझंच ना?”

शेवटी मी सगळं खरं खरं सांगून टाकलं, की नाहीतर डॉक्टर कट होणार. ते उठून माइकसमोर उभे राहिले.

“बरंय, जा... येतो हं.”

“काका!”

“थांब. बरंय, ज... ज... येतो.”

काचेपलीकडून हेलनने विचारलं, “प्रॉब्लेम काय आहे?”

“ते जाऊ शकत नाहीयेत,” मी म्हटलं.

किती टेक झाले देव जाणे. शेवटी ते खुर्चीत बसले. “काढा गं डॉक्टरला. नातवाला मी सांगेन काहीतरी. आमची ही आयसीयूत होती, तेव्हा रोज निघताना मी ‘येतो’च म्हणायचो. ‘जातो’ कोण म्हणेल? समोरचं माणूस पुन्हा दिसणार नाही हे ज्याला आधीच माहितीय, तो.”

मी तशीच बाहेर जाऊन हेलनला इंग्रजीत सगळं सांगितलं. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, “पण हे तर फक्त खुन्यालाच माहिती असणार!”

दुसऱ्या दिवशी रोहनला बोलावलं. गोष्टीतला भाचा कर्णिकबाईंच्या त्याच दारातून ‘बाय, मावशी’ म्हणत निघायचा. आता त्याने म्हणायचं, ‘जातो, मावशी.’ खाली सबटायटल, ‘आय अ‍ॅम गोइंग.’ अरविंदराव मुद्दाम थांबले होते, कारण डॉक्टरची एक नवी क्लिप घ्यायची होती. चौकशीत तो सांगणार होता, “आमच्यात जाणाराही येतो म्हणतो, इन्स्पेक्टर. आजारी माणसापाशी तर ‘जातो’ कधीच म्हणत नाहीत.”

रोहनने पहिल्याच टेकला ‘जातो’ म्हणून टाकलं.

“इतकं सहज?” अरविंदराव हबकलेच.

“काका, मी घरी पण नेहमी जातोच म्हणतो.”

“आईला?!”

“हो.”

“मग आई काय म्हणते?”

“काही नाही. दारात येऊन ‘ये रे’ म्हणते. मला वाटते काहीतरी विसरला. मग मी परत आत जातो.”

अरविंदरावांनी कपाळाला हात लावला. मी हसून हसून खाली बसले.

शुक्रवार उजाडला. एक-दोघांनी हट्टाने डॉक्टरलाच धरलं, पण बाकीच्यांनी भाच्याला पकडलं. एक पेन्शनर बाई क्लिप थांबवून म्हणाल्या, “आजारी माणसापाशी ‘गोइंग’ म्हणत नाहीत ना? मग हा का म्हणाला?” हेलनने तिथल्या तिथे सांगितलं, डॉक्टर राहणार.

मी लगेच लीड्सला फोन लावला. “काका, डॉक्टर सुटला!”

ते म्हणाले, “पुढच्या गेममध्ये मला खुनी कर गं. निर्दोष माणसाला डायलॉग फार कमी असतात.”

हल्ली आमच्याकडे परक्या भाषेतली ओळ आली, की ती भाषा नुसती येणाऱ्याला आम्ही दाखवत नाही. त्या भाषेत ज्याने आईची बोलणी खाल्लीत, त्याला शोधून आणतो.