चुकलेले एक घर

कमलाताई गेल्याचे शेजाऱ्यांच्या फोनवरून कळले. मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता, हे लिहिताना संकोच वाटतो. जाण्यापूर्वी त्या कुणाशी काही बोलल्या तर नसतील... असा तो विचार होता.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होत होते, तेव्हा त्या बरकतपुऱ्यातल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. बंगला असो की रुळांमागची पत्र्याची खोली, देवीची लस टोचायला त्या प्रत्येक दारात जात आणि वहीत लिहून घेत, घरात मुले किती आणि बोलता कोणती भाषा. पुढच्या खेपेला त्या आईशी तिच्या भाषेत बोलता यावे, एवढाच हेतू. पण मी पडलो कारकून. कचेरीत रोज कुणाला मुंबई राज्यात, कुणाला म्हैसुरात धाडायचे याच्या याद्या निघत होत्या. ही मराठी घरांना बाहेर धाडायची आणखी एक यादी, असे मी धरून चाललो.

"आमच्याकडे लहान मूल नाही," मी दारातूनच सांगितले. आत सहा महिन्यांची शालिनी रडत होती.

"मग मांजर असेल. आणा बाहेर भाऊ, त्यालाही टोचते."

समोरच्या रझियाबी ओरडल्या, "कायकू डरते भाई? सुई है, तलवार नहीं!"

मी दार लावले. त्या आणखी दोनदा आल्या. दोन्ही वेळा आतून कडी होती.

उन्हाळ्यात शालिनीला देवी आल्या. ती वाचली, चेहऱ्यावर व्रण राहिले. चौकशीला मोठे डॉक्टर आले. कमलाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "हे घर माझ्याकडून चुकलं." त्यांच्यावर लेखी ठपका ठेवला गेला. मी गप्प राहिलो... आणि त्या याची परतफेड केव्हा मागतील, याचा अंदाज घेत राहिलो.

बऱ्याच वर्षांनी धीर करून विचारले, दोष स्वतःवर का घेतलात. "तुमचं नाव घेतलं असतं, तर भीतीनं गल्लीतली बाकीची दारंही बंद झाली असती," त्या म्हणाल्या. त्यावरही माझा पुरता विश्वास बसला नाही.

शोकसभेत एका वक्त्याने सांगितले, साऱ्या नोकरीत बाईंकडून एकच घर चुकले. शेजारी बसलेल्या शालिनीने हळूच विचारले, "बाबा, नेमकं आपलंच कसं?"

तिचे शिक्षण इंग्रजीत झाले. मराठी ती बोलते, वाचत नाही. हा लेख मराठीत लिहायला मी इतक्या सहज कसा बसलो, याचा आता मला संशय येतो. म्हणून छापायला देण्यापूर्वी, येत्या रविवारी तिला समोर बसवून मी तो मोठ्याने वाचणार आहे. मधले काही न गाळता.